घरी पोचण्यापुरती फट

मोटारीच्या ॲक्सिलरेटरची तार तुटली म्हणजे काय करायचे, हे ज्ञान मला वयाच्या आठव्या वर्षी प्राप्त झाले. १९६८ सालच्या मे महिन्यात आम्ही पुण्याहून साताऱ्याला निघालो होतो. आमची मोटार जुनी होती. तिचे कूळ येथे सांगत नाही, कारण बिचारीने पुढे बरीच वर्षे इमानेइतबारे सेवा केली. खंबाटकी घाटाच्या दुसऱ्या की तिसऱ्या वळणावर वडिलांचा पाय एकदम तळाला टेकला आणि गाडी धापा टाकीत उभी राहिली. वडील खाली उतरले, बॉनेट उघडले, फराळाच्या करंडीची सुतळी सोडली, तिचे एक टोक कार्ब्युरेटरच्या दांडीला बांधले आणि दुसरे बॉनेटच्या फटीतून काढून खिडकीवाटे माझ्या हातात दिले. "ओढ म्हटले की ओढायचे, सोड म्हटले की सोडायचे. मधे स्वतःची अक्कल चालवायची नाही!" अशी आज्ञा झाली. अशा रीतीने उरलेला घाट आम्ही दोघांनी मिळून चालवला. त्या दिवसाइतके महत्त्व मला पुढे कचेरीतल्या अडतीस वर्षांतही कुणी दिले नाही.

ही सुतळी मला आठवली ती २०२२ सालच्या दिवाळीत, गगनबावड्याच्या रस्त्यावर.

त्या वर्षी नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी, म्हणजे २४ ऑक्टोबरला आले होते आणि दुसऱ्या दिवशी सूर्यग्रहण होते. वैभववाडीच्या अलीकडे आमच्या आत्याचे घर आहे. खरे तर आता 'होते' असेच म्हणायला हवे. आत्याला शहाऐंशी वर्षे झाली होती. तिच्याने एकटीने राहणे होईना, म्हणून दिवाळीनंतर घर दुसऱ्याच्या ताब्यात जायचे ठरले होते. सौदा होऊन चुकला होता. "शेवटचं अभ्यंगस्नान सगळ्यांनी हितल्या न्हाणीत करूया," एवढीच तिची इच्छा होती. सगळ्यांनी म्हणजे आम्ही पुण्याचे पाच: मी, सौभाग्यवती, धाकटा भाऊ, त्याची पत्नी आणि त्यांचा मुलगा. हा आमचा पुतण्या इंजिनिअर आहे, आणि हे त्याच्या बोलण्यातून कुणाला कळले नाही असे सहसा होत नाही.

शनिवारी, धनत्रयोदशीला पहाटे निघालो. कोल्हापूर मागे टाकले, कळे गेले, साळवण गेले. उजवी-डावीकडे भाताची कापणी चाललेली, डोंगरांवर पावसाळ्याचा हिरवा रंग अजून उतरलेला नव्हता. गगनबावडा चार-पाच किलोमीटर राहिला असेल-नसेल, तोच समोरच्या तबकडीत एक पिवळा दिवा लागला आणि ॲक्सिलरेटरने माझ्याशी बोलणे सोडले. पाय दाबला तरी तेच, उचलला तरी तेच. इंजिन बंद पडले नव्हते. ते आपले एकाच सुरात, नेहमीच्या संथ फिरण्यापेक्षा थोडे चढ्या आवाजात गुणगुणत राहिले होते.

सवयीने मी बॉनेट उघडले आणि तार शोधू लागलो. "काका, तार नसतेच आता," पुतण्या मागून म्हणाला. करंडीची सुतळी या खेपेस जागच्या जागीच राहिली.

खाली करूळचा घाट आणि त्याच्या पायथ्याशी वैभववाडी. ब्रेक आणि स्टिअरिंग ठीक होते, भाऊ म्हणाला, "उतारच आहे, चला जाऊ." सौभाग्यवती म्हणाल्या, "उतरू. पण पायाचे न ऐकणाऱ्या गाडीतून मी घाट उतरणार नाही." माझ्या मते संबंध प्रवासातले सर्वांत शहाणे वाक्य हेच. आम्ही गाडी वळवली.

आता सुमारे पन्नास किलोमीटर परत जायचे होते. तिसऱ्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरला पाय न लावता, गाडी ताशी वीस-बावीसने चालत होती. चढ आला की दुसरा, मोठा चढ आला की पहिला. वाचकहो, मी या रस्त्याने पन्नास वेळा तरी गेलो असेन, पण तो पाहिला मात्र त्या दिवशी. कुंभी नदी रस्त्याला किती वेळा भेटते, हे मला प्रथमच कळले. भाताच्या खळ्यावर बसलेल्या बायका पेंढ्या झोडताना एकमेकींशी काय बोलतात, तेही अर्धेमुर्धे ऐकू येत होते. ट्रॅक्टर आम्हांला मागे टाकून जात, आणि जाताना ट्रॅक्टरवाला हात करी. एका सायकलवाल्या शाळकरी पोराने तर असलजच्या पुढे आमच्याशी अर्धा किलोमीटर शर्यत लावली आणि जिंकली. उसाच्या फडांतून गुऱ्हाळाचा धूर दिसला तशी वहिनी म्हणाल्या, "चाललोच आहोत मुंगीच्या पावलाने, तर काकवी घेऊ." घेतली. बालिंग्याचा पूल ओलांडून, फुलेवाडी करीत आम्ही रंकाळ्यावर आलो तेव्हा चार वाजत आले होते.

ज्या कारखान्यातून अशा गाड्यांची अधिकृत दुरुस्ती होते, तेथे एका नीटनेटक्या तरुणाने गाडीला यंत्र जोडले, पडद्यावर काहीतरी वाचले आणि सांगितले की थ्रॉटल बॉडी बदलावी लागेल. संपूर्ण. वीस हजारांच्या घरात. भाग दिवाळीनंतर येईल. आठ-दहा दिवस धरा. "आतला नेमका कुठला भाग बिघडला?" मी विचारले. "आत आम्ही उघडत नाही, सर," तो अत्यंत अदबीने म्हणाला. त्याची चूक काहीच नव्हती. त्याला तसेच शिकवले होते.

रात्री लॉजवर उतरलो. मंडळी अंबाबाईच्या दर्शनाला गेली. मी आत्याला फोन केला. ती एवढेच म्हणाली, "सावकाश या. उटणं भिजवलेलं नाही अजून." मला उगीच अपराध्यासारखे वाटू लागले. लॉजच्या मालकाने माझा चेहरा पाहिला असावा. "उद्यमनगरात जावा की," तो म्हणाला. "तितं काय उघडत न्हाईत असं न्हाई."

शिवाजी उद्यमनगर म्हणजे कोल्हापूरची लोखंडी पेठ. अंबाबाईच्या देवळापासून फार लांब नाही, पण जग वेगळे. ओतशाळा, लेथ, ड्रिलिंगची यंत्रे, तेलाने काळ्या झालेल्या फरश्या, आणि दर दुसऱ्या दुकानाच्या दारात पडलेली कसली तरी धडे, चाके, पंपांची कवचे. उसाच्या पाण्यासाठी लागणारी ऑइल इंजिने या गावाने गावोगाव पुरवली. परदेशी वस्तू खोलून पाहायची, समजून घ्यायची आणि मग स्वतःची करायची, ही या गावाची जुनी खोड आहे. बाबूराव पेंटरांनी दामल्यांना हाताशी धरून सिनेमाचा कॅमेरा येथेच घडवला, १९१८ च्या सुमारास. आणि त्यावर टिपलेला 'सैरंध्री' १९२० साली लोकांपुढे आला. खरी कॉर्नरला त्या कॅमेऱ्याचे स्मारक आहे. कॅमेऱ्याचे स्मारक असलेले दुसरे गाव माझ्या तरी पाहण्यात नाही.

आम्हांला ज्या मेस्त्रींकडे धाडले होते ते साठीच्या पुढचे, बुटके, कानावर पेन्सिल लावलेले गृहस्थ होते. दुकान एवढेसे. भिंतीवर विश्वकर्म्याची तसबीर, तिच्याखाली झेंडूचा ताजा हार.

"गाडी कशी आणलासा? ओढून?"

"नाही, चालवत. गगनबावड्यापासून. वीसच्या वेगाने."

"मंग झडप शाबूत हाय," ते म्हणाले. गाडीला हातही न लावता. "बसा. चा घ्या."

अर्ध्या तासात थ्रॉटल बॉडी टेबलावर आली. ती म्हणजे ॲल्युमिनियमचा एक ओतीव नळकांडा. आत तीन बोटे रुंदीची धातूची चकती, मधोमध दांडीवर बसवलेली. चकती फिरली की वाट उघडते, उलट फिरली की मिटते. पेट्रोलच्या गाडीत आपण पायाने पेट्रोल सोडतो अशी माझी आजवरची समजूत होती. मेस्त्रींनी ती मोडून काढली. आपण सोडतो ती हवा. किती हवा आली हे मोजून पेट्रोल गाडी स्वतःच घालते, सुमारे पंधरा भाग हवेला एक भाग, वजनाने. चकतीच्या कडेला काळा थर साचला होता, तव्याच्या कडेला साचतो तसा. इंजिनातली तेलकट वाफ त्या वाटेने परत ओढली जाते, तिचा हा प्रसाद. मेस्त्रींनी फवारा मारून आणि जुन्या धोतराच्या चिंधीने तो पुसून काढला. "पण दुखणं हितं न्हाई," ते म्हणाले.

मग त्यांनी बाजूच्या झाकणाच्या पोलादी चिमट्या एकेक करून उचकल्या. येथे पुतण्या पुढे सरसावला आणि सौभाग्यवती मागे सरकल्या. झाकण निघाले. आत एक चिमुकली मोटर, अंगठ्याएवढी. तिच्या दात्यांत अडकलेले प्लॅस्टिकचे पांढरे चाक, त्यात अडकलेले दुसरे मोठे चाक, आणि ते चकतीच्या दांडीवर. म्हणजे पायाखालचे पेडल आणि ही चकती यांच्यामध्ये आता काहीच नाही. पेडल फक्त निरोप पाठवते. गाडीच्या मेंदूला तो पटला तर मेंदू या मोटरला सांगतो आणि मोटर चकती फिरवते. मला एकदम खंबाटकी आठवली. खिडकीशी सुतळी धरून बसलेला पोरगा तो हाच! फरक इतकाच की या पोराला मधे अक्कल चालवायची पूर्ण मुभा आहे.

"आणि त्याच्यावर नजर ठेवाया दोन साक्षीदार," मेस्त्री म्हणाले. झाकणाच्या आतल्या अंगाला काळ्या रंगाचे कमानदार पट्टे होते, आणि मोठ्या चाकावर केसाएवढ्या बारीक धातूच्या बोटांचे दोन जुडगे. चाक फिरले की बोटे पट्ट्यांवरून सरकतात आणि चकती किती उघडली आहे ते विजेच्या दाबाने कळवतात. एक साक्षीदार अर्ध्या व्होल्टपासून वर चढत जातो, दुसरा तेवढाच वरून खाली उतरतो. दोघांची बेरीज नेहमी पाच. बेरीज चुकली की मेंदू समजतो, कुणीतरी खोटे बोलतो आहे. कोण, ते त्याला कळत नाही. मग तो दोघांवरचाही विश्वास काढून घेतो आणि मोटरचा हात सोडून देतो.

मेस्त्रींनी भिंग माझ्या हातात दिले. पट्ट्यावर एके ठिकाणी, सुरुवातीपासून थोडे पुढे, काळा रंग घासून खालचे पांढुरके अंग दिसू लागले होते. नेहमीच्या चालीत, म्हणजे पाय जरासाच दाबलेला असताना, बोटे तेथेच पुढेमागे होत असतात. तेरा वर्षे झाली होती गाडीला. उंबरठा झिजावा तशी ती जागा झिजली होती.

हे दुखणे काही आमच्या गाडीपुरते नव्हे. पुढे पुतण्यानेच मला सांगितले की १९९९ ते २००१ च्या व्होल्वो गाड्यांमध्ये अशीच पट्ट्यांची झीज इतकी बोकाळली की कॅलिफोर्नियाच्या हवा-प्रदूषण मंडळाने त्यात लक्ष घातले आणि कंपनीला त्या भागाची हमी दहा वर्षे किंवा दोन लाख मैलांपर्यंत वाढवावी लागली. नंतरच्या गाड्यांत बहुतेक ठिकाणी घासणारी बोटे गेली आणि लोहचुंबकावर चालणारे, न शिवता मोजणारे साक्षीदार आले. आमची गाडी जुन्या पिढीतली.

"पट्टा नवा मिळत न्हाई. पर बोटं सरकवता येतील," मेस्त्री म्हणाले. पट्टा दोरीसारखा बारीक नसून फितीसारखा रुंद असतो. बोटे त्याच्या एकाच चाकोरीतून जातात. शेजारची जागा कोरी असते. ती बोटे सुईच्या टोकाने केसभर आडवी वळवली की कोऱ्या जागेवरून चालतील. वळवायची मात्र सारखी, आणि दाब कमी होऊ न देता. "ह्ये तात्पुरतं हाय. पुण्याला गेल्याबरोबर नवा भाग बसवायचा. कबूल असंल तर हात लावतो."

सारेजण माझ्याकडे पाहू लागले. वाचकहो, गंमत सोडून सांगतो, त्या क्षणी मला घाम फुटला. पाच माणसे, एक घाट, आणि सगळा भरवसा केसाएवढ्या वाकवलेल्या बोटांवर. आणि दुसरीकडे न्हाणीघराची चूल पेटवून वाट पाहणारी म्हातारी. "बिघडले तर काय होईल?" मी विचारले.

मेस्त्रींनी उत्तर न देता नळकांडा उचलला आणि दाराच्या उजेडाकडे धरला. त्यात ना वीज, ना कोणाचा हात. तरी चकती पुरती मिटलेली नव्हती. तिच्या कडेने द्वितीयेच्या चंद्राएवढी उजेडाची कोर दिसत होती. "ह्यात दोन स्प्रिंगा एकमेकींच्या उलट वढत्यात," ते म्हणाले. "सगळं सोडलं तरी झडप हितंच येऊन थांबती. मिटत बी न्हाई, उघडत बी न्हाई. ह्या फटीतनं तुमी काल कोल्हापूर गाठलासा. घरला पोचण्यापुरती फट ठेवल्याली हाय बनवणाऱ्यानं." पुन्हा बिघडले तर पुन्हा हेच होईल, एवढाच त्याचा अर्थ. बेरीज पाहणारा मेंदू होता तसाच राहणार होता. त्याला फसवायचे नव्हते.

मी हो म्हटले.

तेवढ्यात पुतण्याला कल्पना सुचली. त्या फटीची मर्यादा ठरवणारा एक बारीक स्क्रू बाहेरून दिसत होता. "मेस्त्री, हा जरा फिरवून फट वाढवून द्या ना. पुन्हा बंद पडली तर निदान चाळीसने तरी जाऊ."

मेस्त्रींनी हातातली सुई खाली ठेवली. "दादा, तुमी शिकल्यालं हायसा. गर्दीत गाडी अशी झाली, पाय काढला तरी चाळीसनं पळायली, तर समोरच्या पोराला काय सांगणार?" पुतण्या गप्प झाला. "उघडायचं समदं. पर ह्या स्क्रूला मी हात लावत न्हाई. ज्यानं बसवला त्यानं इचार करून बसवलाय." मेस्त्री परत सुई घेऊन वाकले. दुकानात पुढची वीस मिनिटे कुणी बोलले नाही.

मग तपासणी. मोबाईलचा एक जुना चार्जर त्यांनी तोडून ठेवला होता. त्यातून नेमके पाच व्होल्ट येतात. ते साक्षीदारांना दिले. एकीकडे आकडे दाखवणारा नवा मीटर, दुसरीकडे काट्याचा जुना. "आकडेवाला हुशार हाय, पर दमानं बोलतो. बोट कुठं उडालं तर काटा लगेच थरथरतो." चाक बोटाने अगदी हळू फिरवीत ते आकडे सांगत गेले आणि भावाने पुठ्ठ्यावर उतरून घेतले: ०.९ आणि ४.१, १.६ आणि ३.४, २.८ आणि २.२. दर खेपेस बेरीज पाच. काटा कुठेही थरथरला नाही. पुन्हा एकदा, उलट दिशेने. पुन्हा एकदा, आता मला फिरवायला लावून.

झाकण बसले, भाग गाडीत गेला. किल्ली फिरवून, इंजिन सुरू न करता आणि पेडलला पाय न लावता अर्धा मिनिट थांबायचे होते. त्या अर्ध्या मिनिटात आतून बारीक घरघर ऐकू आली. गाडी आपल्या झडपेची दोन्ही टोके नव्याने चाचपून पाहत होती. पिवळा दिवा गेला. मेस्त्री म्हणाले, "चला वाघबीळपतुर." पन्हाळ्याच्या वाटेवरच्या त्या चढावर त्यांनी मला मुद्दाम चार वेळा थांबवून पुन्हा गाडी उचलायला लावली. परत आल्यावर त्यांनी मजुरीचे आठशे रुपये सांगितले. पावतीवर स्वतःच्या अक्षरात लिहिले, 'तात्पुरते. भाग बदलणे.' आणि खाली दोन रेघा मारल्या. सौभाग्यवतींनी काकवीची बाटली पुढे केली तर हसले. "वैनी, कोल्हापुरात काकवी?" पण घेतली.

दुपारी अडीचला निघालो. गगनबावड्याला थांबून चहा घेतला. खरे म्हणजे मला चहा नको होता. घाट उतरण्यापूर्वी थोडा वेळ हवा होता. गगनगडाच्या बाजूने धुके चढत होते. करूळ घाट मी दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो, आणि दर वळणावर पाय किंचित दाबून पाहिला. गाडी दर वेळी 'ओ' देत होती. कुणी बोलत नव्हते. खाली वैभववाडीचे दिवे दिसू लागल्यावर मात्र सगळे एकदम बोलू लागले.

आत्या ओट्यावर कंदील घेऊन उभी होती. घरात वीज आहे. कंदील तिने सवयीने आणला होता. "इलात एकदाचे! उटणं आता भिजवतंय," म्हणून ती आत गेली. पहाटे न्हाणीत पाणी तापले, चिराट फोडताना पुतण्याचा पाय घसरला, आणि ज्या चुलीवर माझ्या आजीने पाणी तापवले त्याच चुलीचा धूर माझ्या डोळ्यांत गेला. धुराचेच निमित्त आम्ही सगळ्यांनी सांगितले.

पुण्याला परतल्यावर पंधरा दिवसांत नवा भाग आला आणि बसला. जुना मेस्त्रींनी टाकू नका म्हणून बजावले होते. त्यातली मोटर त्यांना हवी होती. बांधण्यापूर्वी मी तो खिडकीशी धरून पाहिला. कोर होती तेवढीच होती. पुठ्ठा मात्र मी ठेवून घेतला. पार्सल पोचल्यावर मेस्त्रींचा फोन आला. मोटर चांगली निघाली म्हणाले, आणि मग, "आत्याबाई कुठं हायत आता?"

"आमच्याकडेच," मी म्हटले. "इथे, पुण्यात. त्यांना बोलायचे आहे तुमच्याशी," आणि फोन आत नेऊन दिला.